दाराकडची खुर्ची

हातापायांचे पट्टे सोडले तरी वॉर्डातला तो पेशंट, धंद्यानं सुतार, खाटेवर तसाच पडून राहिला. बाईंनीच हात देऊन त्याला उठवून बसवलं.

बाई म्हणजे मनोरुग्णांच्या दवाखान्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई. कुठल्या देशात माणसाला कोंडतात, कुठे बांधतात, कुठे मोकळं सोडून सांभाळतात, हे पाहत त्यांनी अर्धं जग पालथं घातलं होतं. न बांधताही माणूस सांभाळता येतो, हे त्या जिथे तिथे घसा कोरडा करून सांगत, आणि ते खरंही होतं. इथल्या मोठ्या डॉक्टरांच्या मात्र ते काही केल्या गळी उतरेना. शेवटी ते म्हणाले, एकदा करून दाखवा. नीट पार पडलं तर वॉर्डातले सगळे पट्टे आजच जाळतो, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

म्हणून आज डॉक्टर आणि नर्स भिंतीला लागून दाटीवाटीनं उभे होते. सगळ्यांना आपण नीट दिसावं म्हणून बाईंनी खुर्ची ओढली आणि दाराकडे पाठ करून बसल्या. पेशंट आणि दार यांच्या मध्ये कधी बसायचं नाही, त्याला बाहेरची वाट दिसत राहिली पाहिजे, हे त्या देशोदेशी पहिल्याच दिवशी शिकवत. इथे अजून शिकवायचं होतं. आणि आज एवढी माणसं बघतायत म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच ते आठवलं नाही.

सुतार छान बोलत होता. घरी आपल्या थोरल्या मुलीचं लग्न झालं का, म्हणून त्यानं विचारलं. आता रंधा धरला तर लाकूड आपल्यालाच हसेल, असं म्हणून स्वतःही हसला. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच अडकली.

"बाई, जरा बाजूला व्हा."

"का बरं? तुम्ही बोला ना, मी ऐकतेय."

"बाजूला व्हा म्हणतो ना."

बाईंनी समजूतदारपणे मान डोलावली. मग भिंतीकडे वळून, राग असा बोलून दाखवू द्यायचा असतो, हे सगळ्यांना समजावून सांगितलं. जागच्या मात्र हलल्या नाहीत.

सुतारानं खाटेशेजारचं लोखंडी स्टूल उचललं. पहिला घाव बाईंनी हातावर झेलला आणि हाड मोडल्याचा आवाज भिंतीपर्यंत ऐकू गेला. दुसऱ्या घावाला त्या खुर्चीसकट कोसळल्या. स्टूल टाकून, त्यांना ओलांडून तो दाराशी गेला. दार उघडंच होतं. पण तो पळाला नाही. चौकट धरून उंबऱ्यात उभा राहिला आणि जोरजोरात श्वास घेऊ लागला.

तिथेच दोन वॉर्डबॉयनी त्याला गाठलं. एकानं केस धरून त्याचं डोकं चौकटीवर आपटलं, दुसऱ्यानं तो पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या. एक दात घरंगळत बाईंच्या पायाशी आला. सुतारानं उलट हात उगारला नाही.

मोठे डॉक्टर बाईंजवळ गुडघ्यावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आपलं खरं झाल्याचा आनंद नव्हता. उलट, एखादं कारण सापडलं तर बरं, असाच त्यांचा सूर होता.

"बाई, काय झालं नेमकं? तुमच्याकडून काही चुकलं का?"

बाईंना सगळं कळलं होतं. स्टूल अंगावर येतानाच कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, बस्स. पण हात ठणकत होता, भिंतीजवळची सगळी माणसं माना पुढे काढून ऐकत होती, आणि लाजेनं त्यांची जीभ रेटेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकाएकी उठला."

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि पट्टे आणायला सांगितले. दाराशी लाथा चालूच होत्या. त्या लाथांखालून सुतारानं तोंडातलं रक्त थुंकलं आणि मान कशीबशी इकडे वळवली.

"बाई खरं सांगतायत, साहेब," तो म्हणाला. "एकाएकीच उठलो. आता मारू नका."