क्लच अर्ध्यावर

“दाब.”

शालननं क्लच दाबला.

“पूर्ण?”

“पार तळाला टेकलाय. आता काय भोक पाडू?”

जुन्या मोटारीखाली उताणा पडलेला तिचा नवरा, रघुवीर मिस्त्री, क्लचचा दांडा निरखू लागला. महिनाभर गिअर टाकताना गाडी करकरत होती. त्यानं केबल बदलली, प्लेट बदलली, तरी करकर तशीच. आणि आज बायको वरून दाबत होती, तर खालचा दांडा हवा तेवढा सरकत होता.

तो बाहेर येऊन तिच्या शेजारी बसला. इंजिन सुरू केलं. तिनं क्लच दाबून धरला, त्यानं गिअर टाकला. अजिबात आवाज झाला नाही.

“झाली की दुरुस्त! गॅरेजवर आता माझं नाव लावा.”

तो हसला नाही. तिला उठवून स्वतः बसला, क्लच दाबला, गिअर टाकला. करकर.

“अहो, अर्धाच दाबलाय तुम्ही.”

“पूर्ण दाबलाय.”

“खाली बघा तरी.”

त्यानं बघितलं. पेडल अर्ध्यावरच होतं.

त्यानं इंजिन बंद केलं, डावी चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला. मग स्क्रू ड्रायव्हर उचलून, गाडीतला बिघाड शोधावा तसा टोचत निघाला. अंगठा. तळवा. घोटा.

“लागतंय?”

“थांब.”

पोटरी. गुडघ्याच्या जरा खाली तो “स्स” म्हणाला.

“पाय इथपर्यंत गेलाय,” गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्यानं सांगितलं.

शालननं त्याचा हात घट्ट धरला. त्याच्या पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.