येतो गं

वासंतीबाई डोंबिवलीत राहत्या घरी चित्रांच्या रसग्रहणाचे वर्ग घेत. नवऱ्यानं काढलेलं शेवटचं चित्र त्या हटकून दाखवायच्या. खडवलीचा नदीकाठ, उत्तर-दृक्प्रत्ययवादी, म्हणजे पोस्ट-इम्प्रेशनिस्ट ढंगाचे जाड फटकारे, जांभळं पाणी आणि पिवळ्या पायवाटेवर एक पाठमोरा माणूस.

"पिवळ्यात आशाबिशा शोधू नका," त्या फणकारायच्या. "हा संसार टाकून पळालेला माणूस आहे."

नवरा तसाच गेलेला. चपला अडकवता अडकवता 'येतो गं' म्हणाला, तो पुन्हा दिसलाच नाही. निदान 'जातो' तरी म्हणायचं होतं मेल्यानं!

आज पायल नावाची नवी विद्यार्थिनी म्हणाली, "पण मॅडम, हा तर येतोय."

"पाठ दिसतेय ना त्याची?"

"पाठ कुठाय? हे डोळे बघा ना."

वासंतीबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. डोळे होते. त्यांनी बोट लावलं, तर रंग ओला लागला.

त्यांनी वर्ग तिथेच सोडला. मुली गेल्यावर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि दाराला कडी घातली.

"आता ये म्हणावं," बंद दाराकडे बघत त्या पुटपुटल्या.

"आलो गं," त्यांच्या पाठीमागून आवाज आला.