खंडेनवमीचं कुंकू

“सर, फायबर खोचायच्या भोकावर नको,” मी म्हणालो. पण पानसे सरांनी नव्या मीटरच्या नेमक्या तोंडावरच कुंकू लावलं. लेझरची तरंगलांबी मोजायचं माझं काम आता हे यंत्र आपलं आपण करणार, म्हणून दसऱ्यानंतर मी यायचं नव्हतं. खंडेनवमीची पूजा हाच माझा निरोपसमारंभ. पेढा गोड होता, असं सगळे म्हणाले.

सुट्टी संपली आणि सरांचा फोन आला. “अरे, कुठलाही लेझर लाव, शून्यच दाखवतंय! ये लवकर!”

गेलो. यंत्र बिघडलंय म्हटलं असतं, तर नोकरी परत मिळाली असती. मी विचार करत होतो, तोवर सवयीच्या हातांनी कापसाच्या काडीने तोंड पुसूनही टाकलं. पडद्यावर पंधराशे पन्नास नॅनोमीटर उमटलं.

“वा! आता तुझी काहीच गरज नाही,” सर मनापासून म्हणाले आणि उरलेला पेढा दिला.

राग आला नाही, रडूही नाही. निघताना यंत्राला नमस्कार तेवढा केला. बोटाला थोडं कुंकू राहिलं होतं, ते जिथून पुसलं तिथेच टेकवलं.

पेढा संपायच्या आत फोन वाजला.