ठोकळा

"आता इंजिन बंद कर आणि न्यूट्रलला घे," तो गाडीखालून म्हणाला. "ब्रेकवरचा पाय मात्र हलवू नकोस."

तिचं डावं मनगट परवापासून सुजलेलं होतं. उजवा हात आडवा नेऊन तिने गिअरची दांडी ओढली आणि किल्ली फिरवली. अंगण एकदम शांत झालं.

गाडी जुनी, जीपसारखी उंच. माणूस तिच्या पोटाखाली सहज सरकायचा. गेले काही दिवस ती निघताना टक् करून झटका द्यायची आणि वेग घेतला की बुडापासून थरथरायची. मेकॅनिकचं नाव काढलं की नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. गाडीतलं त्याला सगळं कळतं, असं त्याचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं. सकाळपासून त्याने बायकोला सीटवर बसवून पहिला गिअर, मागचा गिअर, पुन्हा पहिला असं करायला लावलं होतं आणि टक् नेमकं कुठून येतं ते कान लावून ऐकलं होतं. तिने क्लच जरा झटक्यात सोडला की खालून तिच्या माहेरचा उद्धार व्हायचा.

अंगणाला फाटकाकडे उतार होता आणि गाडीचं तोंड फाटकाकडेच होतं. तो आडवा पडला होता, कंबर बरोबर मागच्या चाकापुढे. हॅण्डब्रेक त्यानेच काढायला सांगितला होता, कारण तो मागची चाकं फिरवणाऱ्या लांब दांड्याला, शाफ्टलाच आवळतो आणि मग ढिलाई हाताला लागत नाही. सासू पायरीवर वाळलेले कपडे घडी घालत बसली होती. चाकाला ठोकळा लाव रे, असं तिने सुरुवातीलाच सांगून पाहिलं होतं. ही आहे ना ब्रेकवर, म्हणून त्याने ते उडवून लावलं. त्याचा बाप याच अंगणात, असाच आडवा असताना, स्वतःच्या टेम्पोखाली गेला होता. ब्रेकने दगा दिला, असं सगळे सांगत. म्हातारी त्यावर कधी काही बोलत नसे.

"क्रॉस गेलाय," तो शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवत म्हणाला. शाफ्टच्या टोकाच्या सांध्याला तो क्रॉस म्हणायचा. "बघ, केवढा खुळखुळतोय. म्हटलं नव्हतं मी?"

खूश झाला होता. मग खुळखुळ एकदम थांबली.

"शाफ्टला गवत गुंडाळलंय," तो म्हणाला.

तिची नजर घराच्या दाराकडे गेली.

तो चिडला की ओरडायचा आणि खरा चिडला की हळू बोलायचा. आता तो हळू बोलत होता. हे लांब पात्याचं गवत पुलापलीकडच्या रस्त्यालाच असतं, तिकडे मी गाडी नेलेली नाही, आणि पुलापलीकडे तुझ्या भावाशिवाय आपलं कुणी राहत नाही, असं त्याने एकेक करून सांगितलं. विचारलं काहीच नाही. विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं. काल तो कामावर गेल्यावर ती कपड्यांची पिशवी भरून, गाडी घेऊन भावाकडे निघाली होती. पूल ओलांडला आणि गाडी टक् टक् करत इतकी थरथरायला लागली, की आपण मध्येच अडकू आणि तो शोधत येईल या भीतीने तिने रस्त्याकडेच्या गवतातून गाडी मागे वळवली. तो यायच्या आत ती घरी परतली होती. पिशवी अजून कपाटामागे तशीच भरलेली होती.

"थांब," तो म्हणाला. "एवढा एक नट ढिला करतो आणि येतो बाहेर. मग बघू, कुठला हात राहिलाय ते."

पाना नटावर घासल्याचा आवाज आला.

तिने पायाकडे पाहिलं. पोटरीत गोळा आला होता. पाय उचलायला काहीच लागत नाही, ताकद लागते ती दाबून ठेवायला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. ती घाबरलेली होती आणि तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि यातलं जास्त कुठलं ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. पेडल तळव्याखाली किंचित वर आलं. गाडी कुरकुरली.

सासूने हातातलं कापड बाजूला ठेवलं. भिंतीकडेला पडलेला लाकडी ठोकळा उचलला, गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकली आणि मागच्या चाकापुढे, लेकाच्या कमरेला लागून, तो घट्ट सारला.

"आई, मध्ये कशाला तडमडतेस?" तो म्हणाला. "ती आहे ना ब्रेकवर."

म्हातारी खिडकीशी आली. जवळून पाहिलं तर तिचाही चेहरा पांढरा पडलेला होता.

"ठोकळा त्याच्यासाठी नाही लावला," ती सुनेच्या कानाशी म्हणाली. "तुझ्यासाठी लावलाय. त्या वेळी टेम्पोत मी बसले होते, आणि ठोकळा लावायला कुणी नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "आता पाय उचल. पिशवी घे आणि जा."

तिने पाय उचलला. गाडी बोटभर पुढे आली आणि ठोकळ्याला टेकून थांबली.

"ब्रेक सोडलास?" खालून त्याचा आवाज चिरकला. "ए, ब्रेक सोडलास का?"

दार उघडल्याचा आवाज आला, मग घराकडे धावणाऱ्या चपलांचा. तो कोपरावर उठू लागला.

म्हातारी चाकाशेजारी मातीत बसली आणि तिने ठोकळ्यावर हात ठेवला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "ब्रेकवर आता कुणी नाही."