जुळलेली उत्तरं

कॉलेजच्या एका प्रयोगासाठी प्रेमानंद आणि त्याची बायको दीप्ती यांना पाठीला पाठ लावून बसवलं होतं. एकमेकांशी न बोलता दोघांनी एकच उत्तर लिहिलं, तरच गुण मिळणार होता. सुट्टीत कुठे जायचं, घराला कोणता रंग द्यायचा, पोरीला काय शिकवायचं... आतापर्यंतची सगळी उत्तरं जुळली. बाकीच्या जोडप्यांनी टाळ्या वाजवल्या.

"समोरचा काय लिहील, याचा अंदाज कसा बांधलात?" प्रयोग घेणाऱ्या मॅडमनी विचारलं.

"अंदाज कायचा मॅडम? मी माह्या आवडीचं लिवलं," प्रेमानंद हसला. "दीप्ती बी तेच लिवन, मले माहीत होतं."

"मी बी यायच्याच आवडीचं लिवलं," दीप्ती नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून तिचे कान तापले.

शेवटचा प्रश्न होता, आज बाहेर काय खायचं? त्याने सावजी मटण लिहिलं. तिने पेन दाबून मसाला डोसा लिहिला.

"काहून वं? जिंकून राहिलो होतो ना आपण!" प्रेमानंद सगळ्यांसमोर खेकसला. "हा डोसा कुठून आला मधातच?"

"तुमी जिंकून राहिले होते!" दीप्तीचा आवाज चढला. "इतक्या वर्षांत एकदा तरी तुमच्या मनात आलं का, की मी माह्या आवडीचं लिवीन?"

प्रेमानंदचा राग एकदम ओसरला. खरंच काही न कळून त्याने विचारलं, "म्हणजे, तुही आवड अलग हाये का वं?"