राजाच्या कपाळावरचा घाव

"हालू नका," छबूबाई नवऱ्याला म्हणाली. "हालनात तं घाव डोयामा उतरी."

भिला हलला नाही. खांडबाऱ्याच्या बाजारात, तमाशाच्या पडद्यामागे, बैलगाडीच्या आडोशाला तो राजाचा झगा घालून उकिडवा बसला होता. पडद्यापुढे लढाई चालू होती. राजाला कधी घाव लागतोय याची वाट पाहत दोन शिपाई लाकडी तलवारी आपटत वेळ काढत होते.

डोंगरातल्या लोकांना उजेडी घरी पोचायचं असतं, म्हणून इथे खेळ भर दुपारी होतो. आणि भर दुपारी फसवाफसवी चालत नाही. मागच्या खेळाला विसरवाडीत भिलाने पाण्यात कुंकू कालवून कपाळाला फासलं होतं. घामाने ते गालावर आलं, गालावरून मिशीत गेलं. राजा मरायला टेकला, तोच पुढे बसलेला साहेबाचा पट्टेवाला ओरडला, "राजाले होळी कोनी खेळाडी रे?" सगळे हसले. मेलेला राजाही हसला.

पार्टीचा मालक भाईदास तेव्हा एवढंच म्हणाला होता, "आखो एक डाव लोके हासनात, तं राजा दुसरा."

वर्षभर भिला लोकांच्या बैलांमागे चालायचा. चार दिवस राजा व्हायचा. त्या चार दिवसांवर तो बाकीचं वर्ष काढतो, हे छबूबाईला पुरतं ठाऊक होतं. म्हणून आज तिने स्वतःची डबी उघडली होती. कपाळाला आधी मेण, मग मेणावर नंदुरबारच्या शेठकडचं कुंकू, डोळ्यांत घरचं काजळ, हा तिचा रोजचा थाट. आपल्याइतकं गोल कुंकू गावात कोणाचं नाही, असं तीच सांगायची आणि ते खरंही होतं. आज तिने मेणात हळद आणि चिमूटभर काजळ मळलं, नवऱ्याच्या कातडीचा रंग आला तसं ते त्याच्या कपाळावर थापलं, कडा खोबरेलाने बेमालूम केल्या आणि केसातल्या आकड्याने मधोमध चीर पाडली.

चिरेत भरायला तिने कुंकू घेतलं, तशी गाडीखाली भाकरीचं गाठोडं सांभाळत बसलेली सासू, धनुबाई, ताडकन उठली.

"छबे! तुन्हा कपायनं कुकू शे ते! नवराना मरनले लावस?"

छबूबाईचा हात थांबला. सासू खोटं बोलत नव्हती. ज्याच्या आयुष्यासाठी कुंकू लावायचं, त्यालाच त्या कुंकवाने मारायचं! पडद्यापुढे एका शिपायाची तलवार मोडल्याचा आवाज आला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आज लोके हासनात, तं हाऊ माणूस घर रोज मरी. त्यानापेक्षा एक डाव मरू द्या."

तिने काकवीत कुंकू कालवलं आणि चीर भरली. धनुबाई पदर तोंडाला लावून पडद्यापुढे बायकांत जाऊन बसली.

भिला पडद्याबाहेर गेला. दोन पावलं झोकांडला, तीन वाक्यं बोलला आणि पडला. कोणी हसलं नाही. पडद्याच्या फटीतून पाहणाऱ्या छबूबाईने श्वास सोडला.

तेवढ्यात माशी आली.

काकवी! बाजाराच्या दिवशी, गुळाच्या दुकानांशेजारी, ती नवऱ्याच्या कपाळावर काकवी लावून बसली होती. पाठोपाठ दुसरी आली. मग मोजायची सोयच राहिली नाही. "गयं!" भाईदास शेजारून पुटपुटला. मेल्या राजाने माश्या हाकलल्या की झाली विसरवाडी!

भिलाने बोटसुद्धा हलवलं नाही. एक माशी घावावरून पापणीवर आली, नाकावरून चालत ओठावर गेली, तिथे थांबून तिने पाय घासले. भिला मेलेलाच राहिला. माणसाला फसवता येतं, माशीला कोण फसवणार? पुढच्या रांगेत विसरवाडीच्या त्याच पट्टेवाल्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली.

आणि धनुबाईचा धीर सुटला. सकाळी ज्याला हाताने भाकरी वाढली होती, त्याच्याकडे ती धावत गेली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने माश्या हाकलत तिने टाहो फोडला, "मन्हा आंडोर वो! मन्हा भिला! मन्हा राजा!"

भाईदासने डोळे मिटून घेतले. आता हसतील. पण मागच्या बायकाच रडायला लागल्या.

पदराखालून भिला कुजबुजला, "माय, मी जित्ता शे. पन रडत ऱ्हाय."

धनुबाईने पदर त्याच्या तोंडावर नीट ओढला. मग तिने असा गळा काढला, की ढोलकीवाल्याने ढोलकी खाली ठेवली.

राजा उठून उभा राहिला तेव्हा बाजार नुसता दणाणला. फेटे उडाले. भाईदास भिलाला मिठी मारायला निघाला आणि घाव बिघडेल म्हणून निम्म्या वाटेत थांबला. लोक जवळ येऊन कपाळ बघू लागले. पट्टेवाल्याने घावाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला, मग जीभ लावली.

"आयला! गोड शे!" तो म्हणाला. "कोनी करा रे हाऊ घाव?"

भिला उत्तर देणार, त्याआधी धनुबाई पडद्यामागे शिरली. छबूबाईला मनगटाला धरून तिने सगळ्यांपुढे ओढत आणलं आणि पार स्टेशनापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, ओल्या गालांनी, ती अभिमानाने ओरडली,

"मन्ही सूननी! मन्हा आंडोरले मन्ही सूननी मारं!"