ओवाळणीतला शंख

नीलकंठने विभावरीचं डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हा खाटेखालच्या डब्यातलं पाणी हिंदकळलं.

"भावानं काय दिलं? लपवून काहून ठेवलं?"

तिचा भाऊ श्रीरंग नौदलात. देवघरात शंख नाही, असं तिने पत्रात लिहिलं होतं. भाऊबीजेला तो समुद्राच्या पाण्यात ठेवलेला एक नक्षीदार शंखच घेऊन आला. निघताना म्हणाला, "ताई, अंदर जिता घोंघा आहे, समुद्रातली गोगलगाय. निमुळत्या टोकातून जहराची सुई मारतो, माणूस वाचत नाही. धरायचंच झालं तर रुंद बाजूनं. दोन दिवसांत मरून जाईल, मग पूजेत ठेव."

पासष्टची लढाई थांबून महिना झाला होता. नीलकंठची मात्र सुरूच होती. खमरियाच्या कारखान्यात दिवसभर मान खाली घालून बॉम्ब भरायचे आणि क्वार्टरमध्ये आल्यावर हात मोकळा करायचा. बायको नको म्हणेल ते हटकून करायचं, ही तर त्याची खास हौस. आईचा फोटो फोडू नका म्हटलं, त्याने फोडला. पोटात मूल आहे, पोटावर मारू नका म्हटलं. त्याने तिथेच लाथ घातली. यापुढे आपण फार दिवस जगत नाही, हे विभावरीला कळून चुकलं होतं.

त्याने डबा ओढला आणि शंख बाहेर काढला.

ती क्षणभर बघत राहिली. मग जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो, निमुळत्या बाजूनं नका धरू! जहर आहे त्याले!"

"दिवसभर बॉम्ब भरतो मी. ह्या घोंघ्याले भिऊ?" तिच्या डोळ्यांसमोर त्याने निमुळतं टोक मुठीत आवळलं.

मुंगी चावल्यासारखं झालं. त्याने शंख भिरकावला आणि कमरेचा पट्टा काढला. किती फटके बसले, तिने मोजलं नाही. मग पट्टा वर गेलाच नाही. त्याचे ओठ बधिर झाले, गुडघे गेले, जीभ हलेना. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबला होता.

"भिंतीला भिंत लागून आहे जी आमची," शेजारची पुष्पा हवालदाराला रडत सांगत होती. "बिचारी गळा फाडून सांगून राहिली होती, निमुळत्या बाजूनं धरू नका म्हणून. मी माझ्या कानांनी ऐकलं."

हवालदाराने तसंच लिहून घेतलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

विभावरी ओरडली तेव्हा नीलकंठने शंख रुंद बाजूनेच धरला होता, तेवढं फक्त भिंतीपलीकडून दिसलं नव्हतं.